किती एमएमची घेऊ?

सोलापुरात माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. बी.ए. झालो तेव्हा कविता छापून येऊ लागल्या होत्या, पण एका कवितेच्या मानधनात छत्तीस फोटोंचा एक रोल जेमतेम यायचा. धुऊन घ्यायचे पैसे वेगळे. म्हणून स्टुडिओ काढला. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो, दहावीच्या वर्गांचे ग्रुप फोटो यांत तीसेक वर्षं गेली. माणूस चार हातांवर उभा करायचा, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगायची आणि 'हसा' म्हणायचं, हा आपला धंदा. लांबून फोटो काढण्याचा त्यात प्रश्नच नव्हता. ते मी सुट्टीच्या दिवशी करतो. नान्नजच्या बाजूचे माळ, हिप्परग्याचा तलाव आणि वर्षातून दोन-तीनदा उजनीचं पाणी.

हे गिऱ्हाइकांना ठाऊक झाल्यापासून माझ्या काउंटरवर एक प्रश्न सारखा येतो. विचारणारे सगळ्या थरांतले. डॉक्टर असतात, बँकेतून निवृत्त झालेले साहेब असतात, पंढरपूरकडचे द्राक्षबागाईतदार असतात, इंजिनिअरिंगची पोरं असतात. प्रश्न मात्र एकच : "किती एमएमची घेऊ?"

या प्रश्नाला जन्म दिला तो बाजारानं. पूर्वी सहाशे एमएमची लेन्स म्हणजे मोठ्या वर्तमानपत्रांच्या किंवा फार श्रीमंत हौशी लोकांच्या हातात दिसायची. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉन कंपनीनं १५० ते ६०० एमएमची झूम लेन्स जाहीर केली आणि सहाशेचा आकडा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. पुढच्याच वर्षी सिग्मानं त्याच पल्ल्याच्या दोन लेन्स आणल्या, एक हलकी, एक जड. २०१५ मध्ये निकॉनची २०० ते ५००, २०१९ मध्ये सोनीची २०० ते ६००, २०२३ मध्ये निकॉनची १८० ते ६०० आणि कॅननची २०० ते ८००. दुकानदार हे आकडे कापडाच्या दुकानात पन्ह्याचे आकडे सांगावेत तसे सांगतो, आणि जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला माल असं ऐकणाऱ्याला वाटतं.

मी मात्र उलट विचारतो, की तुम्ही उभे कुठं राहणार? बहुतेकांना हा प्रश्न चुकवाचुकवीचा वाटतो. तो तसा का नाही, हे माझ्या भाचीच्या खरेदीवरून सांगतो.

भाची तालुक्याच्या गावी एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे, कंत्राटावर. तिच्याकडे जुना डीएसएलआर कॅमेरा आहे आणि त्याच्याबरोबर आलेली साधी लेन्स. दोन वर्षं भिशी लावली होती, ती यंदा लागली. ऐंशी हजार रुपये. ती घरी आली ती थेट माझ्याकडंच. "मामू, सहाशेची घेऊ का?"

तिच्यामागोमाग तिची आई, म्हणजे माझी आपा. आपाचं म्हणणं वेगळं होतं. "ऐंशी हजार काचेच्या नळकांड्यात घालणार ही. तू सांग तिला काहीतरी." आपाला वाटलं होतं मी पोरीला परावृत्त करीन. ऐंशी हजार ही आमच्या घरात लहान रक्कम नाही आणि कंत्राटाची नोकरी पुढच्या जूनमध्ये असेलच असंही नाही. त्यामुळे हे काम मीही गमतीवारी घेतलं नाही.

विचारलं, "कशाचे फोटो काढायचेत?"

दोन गोष्टी निघाल्या. एक, तिच्या शाळेचा मुलींचा कबड्डीचा संघ. जिल्ह्यापर्यंत खेळून आलेल्या पोरी, पण त्यांचा खेळतानाचा एक धड फोटो कुणाकडं नाही. मोबाइलवर काढलेले सगळे पुसट. आणि दुसरी, गावाबाहेरचा माळ. तिथले चंडोल, धाविक, हिवाळ्यात येणारे भोवत्या ससाणे आणि तिची लाडकी माळटिटवी. 'वाइल्डलाइफ आणि ॲक्शन' असं लेन्सच्या खोक्यावर एका दमात छापलेलं असतं. तिचीही यादी तीच होती. आणि ही दोन कामं एका लेन्सची नाहीत.

आधी एमएमचा हिशेब सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही आणि तो पाचवीतल्या मुलालाही येईल इतका सोपा आहे. समोरच्या वस्तूची उंची घ्या, तिला लेन्सच्या एमएमनं गुणा आणि तुमच्यातल्या अंतरानं भागा. जे उत्तर येईल तेवढी तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर पडते. टिटवी उभी राहिली की साधारण पाव मीटर. सहाशेची लेन्स, पंचवीस मीटर अंतर. पाव गुणिले सहाशे म्हणजे दीडशे, भागिले पंचवीस, उत्तर सहा मिलिमीटर. भाचीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर उंचीला सुमारे सोळा मिलिमीटर. म्हणजे टिटवी फोटोच्या उंचीचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग व्यापणार. उत्तम फोटो. आता तीनशेची लेन्स लावून हाच फोटो हवा असेल तर साडेबारा मीटरवर जावं लागेल.

पंचवीस आणि साडेबारा. सगळा व्यवहार या दोन आकड्यांमधल्या साडेबारा मीटरचा आहे, पैसे मोजायचे ते त्याचे.

आता कबड्डी. मुलींचं कबड्डीचं मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. भाची संघाची शिक्षिका, तिला रेषेच्या शेजारी बसायची मुभा. चढाई करणारी पोरगी तिच्यापासून पाच-सहा मीटरवर. तिथं १५० ते ६०० ची लेन्स लावली तर दीडशेवरसुद्धा डोकं आणि खांदे एवढंच मावेल; पकड कुठं झाली, पाय कुणी धरला, यातलं काही नाही. तिथं साधी पन्नास एमएमची लेन्स लावली तर सहा मीटरवरची खेळाडू डोक्यापासून पायापर्यंत नेमकी मावते. ही पन्नासची लेन्स नवी दहा-पंधरा हजारांत मिळते, जुनी आणखी स्वस्त.

आणि दुसरी गोष्ट उजेडाची, जी एमएमपेक्षा मोठी आहे. लेन्सवर आकडा असतो, एफ ५-६.३ किंवा एफ १.८ असा. हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं, तितका उजेड जास्त. सहाशेला सहा पूर्णांक तीननं भागा. पंच्याण्णव येतात. या स्वस्त झूम लेन्सच्या तोंडावरचा फिल्टर पंच्याण्णव एमएमचा असतो तो यामुळे. तेच सहाशे एफ ४ ची हवी असेल तर सहाशेला चारनं भागा, दीडशे. म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढी काच, तीही निर्दोष घासलेली. म्हणून त्या लेन्सची किंमत दहा लाखांच्या वर जाते. चोरबाजारात कुणी ती लाखात देतो म्हणाला तर समजा काय ते.

शाळेचा हॉल, वर चार ट्यूबलाइट. पन्नासच्या एफ १.८ लेन्सनं सेकंदाच्या पाचशेव्या भागात फोटो काढायला आयएसओ समजा सोळाशे लागतो. तोच फोटो एफ ६.३ वर काढायचा तर उजेड बारा पटींनी कमी. आयएसओ वीस हजारांच्या घरात न्यावा लागेल. जुन्या कॅमेऱ्यावर वीस हजार म्हणजे फोटोवर कुणीतरी मूठभर रवा टाकल्यासारखं दिसतं. दुकानदार म्हणतो, यात स्टॅबिलायझेशन आहे. आहे, पण ते तुमचा हात स्थिर करतं. चढाई करणाऱ्या पोरीला ते स्थिर करत नाही, ते काम शटरचं. खेळासाठी लेन्स घेणाऱ्या निम्म्या लोकांची या एका शब्दानं दिशाभूल होते असं माझं मत आहे.

क्रिकेटची गोष्ट निराळी. तिथं तुम्ही सीमारेषेबाहेर बसलेले, फलंदाज साठ-सत्तर मीटरवर, आणि वर दुपारचं ऊन. तिथं सहाशेची झूम शोभते. म्हणजे 'ॲक्शन'च्या एका शब्दात दोन विरुद्ध गोष्टी आहेत. जिथं रेषेपर्यंत पायांनी जाता येतं तिथं आखूड आणि उजेडाची लेन्स. जिथं पायांनी जाता येत नाही, किंवा जाऊ नये, तिथं लांब.

हे 'जाऊ नये' मला भाचीला नीट सांगायचं होतं.

मार्च ते मे हा माळटिटवीचा अंडी घालण्याचा काळ. घरटं असं काही नसतंच. उघड्या माळावर एक उथळ खळगा, भोवती चार खडे, आणि खड्यांच्याच रंगाची बहुधा चार अंडी. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. पारा बेचाळीसच्या वर गेला तरी वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी येते. पक्षी अंड्यांवर बसतो तो आपल्या समजुतीप्रमाणे ऊब देण्यासाठी, पण या दिवसांत टिटवी बसते किंवा उभी राहते ती सावली धरण्यासाठी. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि ओल्या पोटानं अंडी गार करते. आता अशा वेळी कुणी हौशी माणूस तीनशेची लेन्स घेऊन दहा-बारा मीटरवर आडवा पडला, तर टिटवी उठणार. ओरडत घिरट्या घालणार, लंगडल्याचं सोंग करत त्याला दुसरीकडं नेऊ पाहणार. माणसाला वाटतं, वा, काय पोझ मिळाली! तो अर्धा तास तिथंच. आणि अर्धा तास चार अंडी उघड्या उन्हात. आत काय होतं ते बाहेरून दिसत नाही. टरफल तसंच राहतं, टिटवी परत येऊन बसतेसुद्धा.

आपल्याकडं म्हण आहे, टिटवी देखील समुद्र आटविते. समुद्रानं अंडी नेली म्हणून ती चोचीनं समुद्र उपसायला निघाली होती, त्या गोष्टीतली म्हण. समुद्राशी ती भांडली. कॅमेऱ्यावाल्याशी कशी भांडणार?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना त्रास देणं त्या व्याख्येतच येतं. बंदूक लागत नाही. छायाचित्रांच्या अनेक स्पर्धा हल्ली घरट्यावरचे फोटो घेतच नाहीत, हे चांगलं झालं. पण माळावर खरी अडचण अशी की घरटं आहे हे तुम्हाला कळतच नाही. तुम्ही चंडोलाच्या मागं चाललेले असता आणि डाव्या हाताला आठ मीटरवर अंडी असतात. तेव्हा नुसती सद्वर्तनाची शपथ पुरत नाही. मुळात लांबच उभं राहण्याची सोय हवी. पंचवीस मीटरवरून, गाडीत बसून किंवा बांधाच्या आडून काम होत असेल तर न दिसलेलं घरटंही वाचतं. सहाशेची लेन्स मी भाचीला घे म्हणालो ते एवढ्यासाठी.

पूर्वी ही सोय नव्हती, तेव्हा लोकांनी डोकं चालवलं होतं. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनाधिकारी १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार बांधून ठेवायचा. वाघाचा पाय तारेला लागला की झगमगाट होऊन वाघाचा फोटो निघायचा आणि चॅम्पियन साहेब त्या वेळी तिथं नसायचे. १९२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. आज वनखातं वाघ मोजायला जे कॅमेरे झाडाला बांधतं, ते याच युक्तीचं आधुनिक रूप.

वाघाचा विषय निघाला की ताडोबा निघतोच. तिथं जाणारे सांगतात, सहाशेच पाहिजे. मला तसं वाटत नाही. तिथं गाडी रस्ता सोडून जाऊ शकत नाही, त्यामुळे अंतर तुम्ही ठरवत नाही, वाघ ठरवतो. तो दीडशे मीटरवर पाणवठ्यात बसलेला असेल किंवा पंधरा मीटरवरून रस्ता ओलांडेल. पंधरा मीटरवर सहाशे लावली तर मिशा मोजता येतील, वाघ मावणार नाही. शिवाय पहाटेचा उजेड बांबूच्या बनात आधीच कमी. मग १०० ते ४०० ची लेन्स बरी, किंवा निदान दोनशेपासून सुरू होणारी. झूमचा खरा उपयोग इथं आहे, मागं येता येणं. सहाशेवर डोळ्यापुढं जगाचा एवढासा तुकडा राहतो. उडता पक्षी त्यात शोधणं म्हणजे पोंग्यातून चांदणी शोधणं. आधी दीडशे-दोनशेवर पक्षी गाठायचा, मग लांबवायचं.

पण लेन्स कितीही लांब असली तरी गाडी पुढं घ्यायला सांगणारा माणूस असतोच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्या प्रकाराची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गाड्यांमध्ये लांब लेन्स नव्हत्या असं कोण म्हणेल? तेच उजनीवर. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ भागात मच्छीमार बंधू आपल्या होडीतून रोहित पक्षी दाखवतात. बहुतेक जण जपून नेतात. पण होडीतला पाहुणा म्हणतो, "दादा, जरा उडवा की, उडताना पाहिजे फोटो." चोच पाण्यात बुडवून खाणारा तो शेकडोंचा थवा एका फोटोसाठी उठतो. लेन्स लाखाची, आणि करायचं काय, तर दगड मारणाऱ्या पोराचं काम.

उजनीवरून आठवलं, उन्हाची गोष्ट राहिली. सकाळी नऊ-दहानंतर पाण्यावरून आणि माळावरून वाफा उठू लागल्या की लांबची प्रत्येक गोष्ट तव्यावरच्या भाकरीवरच्या हवेसारखी हलते. मृगजळ ते हेच. आम्हा गझलवाल्यांची या शब्दावर बरीच उपजीविका चालते, पण फोटोत ते नकोसं होतं. या वाफेतून कुठलीच लेन्स वाट काढत नाही, दहा लाखांचीही नाही. लोक लेन्सला दोष देतात, दुकानात परत नेतात. उपाय एकच, सकाळी लवकर जा आणि ऊन चढलं की घरी या.

वजनाचं मी तिला न सांगता करून दाखवलं. स्टुडिओत एका मित्राची सिग्माची हलकी लेन्स आली होती. हलकी म्हणजे एक किलो नऊशे तीस ग्रॅम; जड बहीण पावणेतीन किलोच्या पुढं. कॅमेऱ्यासकट हलकी हातात दिली आणि म्हणालो, डोळ्याला लाव आणि दहा मिनिटं खाली आणू नकोस. नवजात बाळाएवढं वजन. पोरगी खेळाची शिक्षिका, दंड बैठका काढणारी. तरी सातव्या मिनिटाला हात थरथरायला लागला. जे लोक साठीत लेन्स घेतात त्यांना मी ही परीक्षा दुकानातच द्यायला सांगतो. नाहीतर ती लेन्स कपाटात बसते आणि वर्षाकाठी एकदा मुंबईच्या जावयाला दाखवली जाते.

हाताला टेकू म्हणून ट्रायपॉड असतो, पण गाडीच्या खिडकीत तो उघडत नाही. तिथं धान्याची पिशवी. बाहेर लोक त्यात तांदूळ घालतात, राजमा घालतात. आम्ही जुन्या जीनचा पाय कापून, शिवून, त्यात चार किलो ज्वारी भरली. मालदांडीचा दाणा गोल आणि टणक, लेन्स झकास रुतून बसते. फक्त होडीत जपायचं, भिजली तर पिशवीला कोंब फुटतात.

आता पैसे. नवी लेन्स ऐंशी हजारांत बसत नव्हती आणि बसली असती तरी पन्नासच्या लेन्सला काही उरलं नसतं. आणि कबड्डीच्या पोरी मला टिटवीइतक्याच महत्त्वाच्या वाटत होत्या. म्हणून जुनी घ्यायचं ठरलं. जुन्या लांब झूम पुष्कळ मिळतात, कारण लोक त्या हौसेनं घेतात, वजनानं कंटाळतात आणि विकतात. शिवाय बरेच जण हल्ली आरशाचे कॅमेरे सोडून मिररलेसकडं चालले आहेत, त्यांच्या जुन्या लेन्स बाजारात येतात. भाचीचा कॅमेरा आरशाचाच, तिच्या हे पथ्यावर पडलं. उलट ज्याच्याकडं मिररलेस आहे त्यानं आधी आपल्या कॅमेऱ्याला कुठली लेन्स बसते ते पाहावं. जुनी लेन्स ॲडाप्टरनं बसते, पण कुठली कितपत चपळ चालते ते स्वतः लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जुनी लेन्स बघताना मी खोलीत अंधार केला आणि मागून बॅटरी मारली. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. ती काचेला खाते. ही पुण्याची होती, स्वच्छ निघाली. मग पूर्ण लांबवून खाली तोंड धरलं. या १५०-६०० लेन्स झूम करताना लांब होतात, सैल झालेली नळी आपोआप घसरत खाली येते. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० बाहेरून लांब होत नाहीत, माळावरच्या धुळीत ते फार सोयीचं. पण त्या तिच्या कॅमेऱ्याला बसत नाहीत आणि तिच्या भिशीतही बसत नाहीत. ट्रायपॉडची कडी जागेवर आहे का, हूड आहे का, फोकस पुढं-मागं किरकिर करतो का, हे पाहिलं. मग रस्त्यावर जाऊन समोरून येणाऱ्या रिक्षांच्या नंबर प्लेटचे सहाशेवर तीस फोटो काढले, एफ ६.३ वर आणि एफ ८ वर. या किमतीच्या लेन्स सहाशेवर, तोंड पूर्ण उघडं असताना, थोड्या मऊ असतात. एफ ८ वर सावरतात. तीसपैकी तेवीस नंबर धड वाचता आले. मी म्हणालो, घे.

लेन्स अठ्ठावन्न हजारांना पडली. पन्नासची एफ १.८ कुणीतरी वापरलेली आठ हजारांना. एक्स्टेंडर नावाचं एक भिंग मिळतं, ते मध्ये लावलं की सहाशेचे आठशे चाळीस होतात, विक्रेता तेही गळ्यात घालत होता. ते नाकारलं. त्यानं एफ ६.३ चा ९ च्या जवळ जातो, अर्धा उजेड जातो, आणि तिच्या जुन्या कॅमेऱ्याला फोकसच सापडेनासा होतो. एवढ्यानं पक्षी लहान वाटत असेल तर संगणकावर कापून घ्यावा. चोवीस मेगापिक्सलचा फोटो लांबी-रुंदीनं निम्मा कापला तरी सहा मेगापिक्सल उरतात. वर्तमानपत्रात छापायला तेवढे पुरतात.

जानेवारीत तिनं कबड्डीचे फोटो काढले. चढाई करून मध्यरेषेला बोटं टेकवणारी एक सातवीतली मुलगी, कमरेला तिघी लटकलेल्या. त्याची मोठी प्रिंट मीच काढून दिली, ती आता शाळेच्या ऑफिसात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागं लावली आहे. टिटवीचा फोटोही आणला. पक्षी फोटोत जरा लहानच आहे, पण उभा आहे तो निवांत, एक पाय उचलून. ओरडत नाही, आपल्याकडं बघतही नाही.

भिशीतले चौदा हजार उरले ते भाचीनं आईच्या हातात ठेवले. आपानं ते दोनदा मोजले. मग ती लांब नळी उचलून, तिचं वजन अजमावून, पोरीला विचारलं, "यातनं समोरच्या बिल्डिंगवरची टाकी भरली का नाही ते दिसतं का गं?"

भाची म्हणाली, "अम्मी, टाकीवर बसलेला कावळासुद्धा दिसतो."

आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी लेन्स आधी गच्चीवर जाते, मग माळावर.